रंगाला नऊ, फिटिंगला चार: शिरोलीच्या शेडमध्ये करडी झालेली ऑडी टीटी

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढं वाचायला नको. रंगकामाला दहापैकी नऊ. ग्रिल, लिप (बंपरखालची पट्टी), स्टिकर असल्या सजावटीला चार, तेही केवळ चाकांमुळं. वेळ पाळण्याला मार्कच देत नाही. गाडीचा रंग बदलायचा असेल तर इथं बिनधास्त द्या. गाडीला ‘लूक’ द्यायचा असेल तर रंगापुरतंच बोला, बाकीचं सामान स्वतः आणा आणि समोर उभं राहून बसवून घ्या.

दुकानाचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत आणि त्या मालकांच्या तोंडावर सांगून झाल्यात, नावासकट चव्हाट्यावर मांडायची गरज वाटत नाही. हायवे सोडून शिरोली एमआयडीसीत आत शिरलं की दोन फाउंड्र्यांच्या मागं पत्र्याची लांब शेड लागते. बाहेरून बघितलं तर ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवत असतील असं वाटावं. आत मात्र डिझेल बर्नरचा बंद बूथ, रंग मिसळायची वेगळी खोली आणि कॉम्प्रेसरच्या लाइनवर पाणी अडवणारे फिल्टर. कोल्हापुरात पावसाळ्यात रंगकाम करायचं तर हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हवेतलं पाणी लाइनमधून गनमध्ये आलं की रंगावर फोड आणि पांढुरकी झाक येते, आणि ती महिन्याभरानं दिसते, बिल दिल्यावर.

गाडी माझी आहे, हे आधीच सांगते, कारण शेडमध्ये पहिला प्रश्न ‘साहेब कधी येणार?’ हाच होता. साहेब फाउंड्रीत असतात आणि त्यांना गाडी म्हणजे चार माणसं अन् दोन पोती मावणारी वस्तू वाटते. मी दाताची डॉक्टर, दवाखाना राजारामपुरीत. गाडी २०१२ ची ऑडी टीटी, दुसऱ्या पिढीची, २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनाची, पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. ‘एवढ्या पैशात फॉर्च्युनर आली असती’ हे वाक्य मला आता भाजीवालीसुद्धा ऐकवते.

मूळ रंग आयबिस व्हाइट. पांढरी गाडी आपल्या गावात का टिकत नाही, ते उद्यमनगराच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ हवेतून येऊन रंगावर बसते, क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुतते आणि पहिल्या पावसात गंजते. बॉनेटवर, छतावर सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके. धुऊन जात नाहीत. आयर्न रिमूव्हर मारलं की जांभळे ओघळ येतात, ठिपके विरघळतात, पण जिथं कण खोल गेलाय तिथं बारीक खड्डा राहतोच. वर गळीत हंगामात साखर कारखान्यांची काजळी. ती फडक्यानं पुसायला गेलं की ओरखडे. माझ्या गाडीचं छत उन्हात बघितलं तर नुसतं जाळं दिसायचं. मागच्या डाव्या बाजूला आधीच्या मालकानं काहीतरी करून घेतलेलं, तिथला क्लिअर कोट कडेनं सुटायला लागला होता.

रॅप, म्हणजे रंगावर व्हायनिलची रंगीत फिल्म चिकटवून घ्यायचा विचार केला होता. पुण्यातून कोटेशनही आणलं. रॅपचं चांगलं हे की खालचा मूळ रंग शाबूत राहतो आणि कंटाळा आला की काढून टाकता येतो. पण खालचा रंगच सुटत असेल तर तो रॅप काढताना सोबत येणार. शिवाय बॉनेट आणि छत या आडव्या पत्र्यांवर आपल्या उन्हात व्हायनिल लवकर थकतं. आणि दार उघडलं की आतली चौकट पांढरीच. मला ते चालणार नव्हतं.

या शेडचं सगळं नाव ज्या माणसावर आहे ते रंगमिस्त्री. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. मूळचे रिक्षा रंगवणारे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, ‘रिक्षा सुंदरी’ म्हणतात, आणि तिथं उतरलेल्या रिक्षेच्या रंगात तोंड बघून कुंकू लावता येतं. त्या शाळेतून आलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी टकटक केलं, आणि मागच्या डाव्या पत्र्यावर थांबले.

‘मॅडम, हितं लांबी हाय. चांगली बोटभर न्हाई, पर हाय.’

लांबी म्हणजे पोचे भरायची पुट्टी. मी पर्समधून मायक्रॉन गेज काढलं. रंगाची जाडी मोजायचं हे यंत्र सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाकडं असावं, पण टीटीसाठी साधं चालत नाही. या गाडीची बॉडी मिश्र आहे. बॉनेट, फेंडर, छत, मागचे पत्रे अॅल्युमिनियमचे, तर दारं आणि डिकीचं झाकण लोखंडी. वजन पुढं जास्त पडू नये म्हणून ऑडीनं मागच्या भागात मुद्दाम लोखंड ठेवलं. लोहचुंबकावर चालणारं स्वस्त गेज अॅल्युमिनियमवर काहीच दाखवत नाही. दोन्ही धातू ओळखणारं लागतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन असतो. बॉनेटवर ११८ आलं, दारावर १२४. मामांनी बोट ठेवलं होतं तिथं ४६०. मामांनी यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाले, ‘मशीन बरोबर हाय तुमचं.’

इथंच मी काम द्यायचं ठरवलं.

रंग निवडताना मात्र आमचं जुळायला वेळ लागला. मालकांचं म्हणणं, स्पोर्ट्स कार आहे तर लाल नाहीतर पिवळी. मामांचं स्वप्न वेगळंच: ‘दसऱ्याच्या मेबॅकसारखा भगवा मारू की! गावात एकच गाडी व्हईल.’ छत्रपतींची १९३६ ची मेबॅक दसरा चौकात निघते तेव्हा अख्खं कोल्हापूर त्या रंगाकडं बघत उभं असतं, त्यामुळं मामांचा मोह समजू शकते. पण तो रंग त्या गाडीलाच शोभतो आणि तिचाच राहू दे. मला नार्डो ग्रे हवा होता. इटलीतल्या नार्डो इथल्या चाचणी ट्रॅकवरून ऑडीनं नाव दिलेला, कोड एलवाय७सी. मेटॅलिक नाही, पर्ल नाही, निव्वळ सपाट करडा. माझ्या गाडीच्या वर्षी तो रंग कंपनीच्या यादीत नव्हता, एखाददोन वर्षांनी आरएस गाड्यांवर आला. मामांनी मोबाइलवरचा फोटो बघितला आणि प्रामाणिकपणे विचारलं, ‘ह्ये नुसतं अस्तर हाय न्हवं? वर रंग कंचा?’

सपाट रंगाचा व्यवहारी फायदा मात्र त्यांनीच सांगितला. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. गन किती लांबून धरली, हवेचा दाब किती, कोट किती ओला पडला यावर ते कण आडवे झोपतात की उभे राहतात हे ठरतं आणि त्याप्रमाणं एकाच डब्यातला रंग फिका किंवा गडद दिसतो. उद्या कुणी दार घासलं तर मेटॅलिकमध्ये शेजारचा पत्राही थोडा रंगवून मिसळवून घ्यावा लागतो. सपाट रंगात एकट्या पत्र्यावर निभावतं. लालचं तर आणखी वेगळं. लाल रंगद्रव्य अंगानं पातळ, खालचं झाकत नाही, त्यामुळं खाली योग्य अस्तर नसेल तर कोटावर कोट चढवत बसायचं.

रंग जुळवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. दाताची कॅप करताना आम्ही शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांचे नमुने, दाताशेजारी धरतो, आणि तेही खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पेशंटची लिपस्टिक पुसून. ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेला दात उन्हात परका दिसतो. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले असतात. तर मालकांनी ग्लासुरिट या रंगाच्या कंपनीच्या फॉर्म्युल्यावरून मिसळून पत्र्याचे तीन नमुने मारून दिले. खोलीत तिन्ही सारखे. मी ते घेऊन बाहेर आले, आधी शेडच्या सावलीत, मग उन्हात. एक चक्क हिरवट पडला. दुसरा ठीक, पण संध्याकाळी रस्त्याच्या दिव्याखाली मातकट. तिसरा सगळीकडं एकच राहिला. मालक कंटाळले होते, ‘करडा तो करडाच की मॅडम’ असं दोनदा म्हणून झालं. मामा मात्र माझ्या मागून उन्हात आले, हिरवट नमुना डोळ्याला लावून बघितला आणि आत जाऊन मिक्सिंगच्या पोराला चार शब्द ऐकवले. पुढच्या गिऱ्हाइकांनी हे जरूर करावं. नमुना मागा. मोबाइलच्या पडद्यावरून आणि छापील कार्डावरून रंग ठरवू नका.

मग घासणं सुरू झालं, आणि ते संपेचना.

‘रंग मारायला दोन दिस लागत्यात मॅडम,’ मामा म्हणाले, ‘बाकीचं समदं घासायचं काम हाय.’ मी दवाखान्यातून सुटल्यावर अधूनमधून जाऊन बसायची, त्यामुळं हे डोळ्यांनी बघितलंय. दारांचे हँडल, आरसे, खिडक्यांची रबरं, मागचे दिवे, चारही ऑडीच्या कड्या, सगळं उतरवलं. स्वस्तातलं काम ओळखायची खूण हीच: रबर न काढता त्याच्या कडेनं मास्किंग टेप लावून रंग मारतात, आणि वर्षभरात त्या कडेनंच पापुद्रा सुटतो. इथं उतरवलेला प्रत्येक स्क्रू नाव लिहिलेल्या पिशवीत होता. बॉनेटखालची बाजू, दारांच्या चौकटी, डिकीचं तोंड, पेट्रोलच्या टाकीचं खोबण, सगळीकडचा पांढरा रंग घासून अस्तर.

मागचा डावा पत्रा उघडला तेव्हा मी तिथंच होते. ऐंशी नंबरच्या, म्हणजे पी८० च्या खरखरीत सँडपेपरनं मामांनी एक गोल घासला, तर एकात एक कडी उमटत गेली: वरचा नवा पांढरा, मग करडं अस्तर, मग पिवळसर लांबी, तिच्याखाली जुना कंपनीचा पांढरा, आणि मधोमध चकाकणारं अॅल्युमिनियम. आधीच्या कारागिरानं जुना रंग न काढताच त्यावर लांबी थापली होती. मामांनी ती सगळी खरवडली, पोचा आतून हळूहळू उचलला (अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा लवकर ताणलं जातं, जोरानं ठोकलं की पत्रा फुगतो), उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमर आणि मग अगदी पातळ लांबी. अॅल्युमिनियमसाठी त्यांचे पेपर आणि पॅड वेगळे, त्यावर पिवळी टेप गुंडाळलेली. लोखंड घासलेला पेपर अॅल्युमिनियमवर चालवला तर लोखंडाचे कण त्यात राहतात आणि रंगाखाली गंज धरतो. हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही. एकदा एका जग्वारवर फोड आले होते, तेव्हापासून.

पी८० वरून पी१८०, पी३२०, शेवटी पाण्यासकट पी६००. प्रत्येक पायरीला गाइड कोट म्हणून काळी पूड चोळायची आणि काळं कुठं उरतंय ते बघायचं. काळं उरलं म्हणजे तिथं खड्डा. हाताचा तळवा सपाट ठेवून, डोळे मिटून मामा पत्र्यावरून फिरवत. मला काही लागायचं नाही तिथं त्यांना ‘दोर’ लागायचा.

फवारणीच्या दिवशी बूथमध्ये जाऊ दिलं नाही, काचेतून बघितलं. खालची जमीन ओली केली, गाडी चिकट फडक्यानं पुसली. बेस कोटचे तीन हात, मध्ये सुकायला वेळ, मग क्लिअरचे दोन. नंतर ६० अंशांवर अर्धा तास भाजणं. मामा हवेची नळी जोडलेला मास्क घालून होते, ते बघून बरं वाटलं. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं कायमचा दमा लागू शकतो. पण त्यांना हात देणारा पोरगा साधा कापडी मास्क लावून आत. दहातला एक मार्क मी इथं कापला, रंगात खोट काढून नाही. मालकांना सांगितलं. ‘मागवतो’ म्हणालेत. जाणाऱ्यांनी विचारत राहावं, गिऱ्हाईक बोललं की मालकांना ऐकू येतं.

काम कसं झालंय? गेज सगळीकडं २०० च्या आत, फक्त त्या मागच्या पत्र्यावर २३०, आणि तो आकडा मामांनी आधीच सांगून ठेवला होता. नारिंगाच्या सालीसारखा दाणा, ज्याला सगळे ऑरेंज पील म्हणतात, तो कंपनीच्या रंगापेक्षा कमी आहे, कारण नंतर पी२००० आणि पी३००० नं घासून कंपाउंड मारलंय. प्लास्टिकचे बंपर आणि पत्रे यांच्या रंगात फरक दिसतो का, हे बघायला मी गाडी रंकाळ्यावर नेली, सकाळी आठला आणि मावळतीला. फेंडर आणि बंपर यांच्या सांध्यावर नजर ठेवली. एकच रंग. बऱ्याच नव्याकोऱ्या गाड्यांतही हा सांधा चुगली करतो.

इथपर्यंत मामांचं राज्य होतं. पुढं ‘स्टायलिंग’.

स्टायलिंगचा विभाग मालकांचा भाचा सांभाळतो. उत्साही पोरगा, पण हातात काळा ग्लॉस रंग आला की त्याला थांबावंसं वाटत नाही. ग्रिलची क्रोम चौकट काळी केली, ते मीच सांगितलेलं आणि छान दिसतंय. मग त्यानं पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर मास्किंग सुरू केलं. टीटीचं ते गोल, अॅल्युमिनियमच्या झाकाचं, भोवतीनं बोल्टांची डोकी दिसणारं झाकण म्हणजे या गाडीचा दागिना. पहिल्या पिढीपासून चालत आलेला. मी नेमकी त्या वेळी पोहोचले म्हणून ते वाचलं. मागच्या दिव्यांवर काळी फिल्म लावायचीही त्याची तयारी होती. मी म्हटलं, पोलीस नंतर धरतील, त्याआधी मागच्या ऊसवाल्या ट्रॅक्टरला माझे ब्रेकचे दिवे दिसायला नकोत का? मागच्या काचेवर ‘नाद खुळा’ फुकटात टाकून देतो म्हणाला. नको म्हटलं तर मनापासून वाईट वाटलं त्याला.

खरी गोची झाली ती पुढच्या लिपची. बंपरखाली बसणारी फायबरची पट्टी, बाहेरून मागवलेली. ती घासून नीट बसवायची तर आधी कोरडी लावून बघावी लागते, फायबर कुठं जास्त आहे तिथं छिलावं लागतं. भाच्यानं ती वेगळी, वेगळ्या दिवशी रंगवली आणि दुहेरी टेप अन् खालून स्क्रू मारून मोकळा झाला. डावीकडं फट एवढी की नख आत जावं, उजवीकडं पट्टी बंपरला घासतेय. आणि रंग? तोच डबा, पण बूथमध्ये न मारता शेडच्या दारात मारलेला, क्लिअरवर धुळीचे कण. मी दाखवल्यावर मामांनी स्वतः ती उतरवली, काही बोलले नाहीत, भाच्याकडं नुसतं बघितलं. दुसऱ्यांदा बसवली तेव्हा फट गेली. पण स्क्रूची दोन जादा भोकं माझ्या बंपरच्या बुडाला आहेत ती आहेतच. आणि खरं सांगायचं तर लिप हवीच कशाला? शाहूपुरीतल्या स्पीडब्रेकरवर तिचा खालचा काठ आठवड्यातच खरवडला. गाडी एरवीच जमिनीला टेकलेली.

मागं मोठं पंखासारखं स्पॉयलर बसवायचा त्यांचा आग्रह मी मोडून काढला. टीटीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९९८ ची पहिली टीटी मागं अगदी गुळगुळीत होती, डिझाइनरांनी मुद्दाम तशी ठेवलेली. जर्मनीत ऑटोबानवर प्रचंड वेगात काही गाड्यांचे ताबे सुटून अपघात झाले, तेव्हा ऑडीनं गाड्या परत बोलावून छोटं स्पॉयलर आणि ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) बसवून दिलं. म्हणजे त्या गाडीवर स्पॉयलर आलं ते दिसण्यासाठी नाही, मागचा भाग रस्त्याला दाबून धरण्यासाठी. माझ्या पिढीच्या गाडीत ते डिकीत लपलेलं असतं आणि साधारण १२०-१२५ च्या वेगाला आपोआप वर येतं. आपल्या चौपदरी हायवेला कारची मर्यादा १००. म्हणजे कायद्यानं वागलं तर ते कधी वर यायचंच नाही! बटण आहे म्हणून बरं. पोरांनी विचारलं की सिग्नलला उभी असताना वर-खाली करून दाखवते. त्यावर वरून दुसरं ठोकलं असतं तर आधी हे बंद करावं लागलं असतं, आणि डिकीच्या झाकणाला भोकं.

चाकांचं काम मात्र फर्स्टक्लास, जरी ते यांनी केलेलं नाही. गोकुळ शिरगावच्या एका पावडर कोटिंगवाल्याकडं पाठवली होती. कारखान्यांचे कास्टिंग दिवसभर कोट करणारी माणसं, त्यांना चार अलॉय म्हणजे चहाच्या सुट्टीतलं काम. जुना थर उतरवून, ब्लास्टिंग करून, साधारण २०० अंशांवर भाजून सॅटिन काळा. आत, स्पोकच्या मागंही तेवढंच नीट. कोल्हापूरच्या माणसानं चाकं रंगवायला पुण्याला जाण्यात काही अर्थ नाही.

आता वेळ. गणपतीच्या आधी देतो म्हणाले होते. गाडी हातात आली दसऱ्याच्या तोंडावर. त्यातला काही काळ खरोखर पावसामुळं गेला. सलग झड असताना मामांनी क्लिअर मारायला साफ नकार दिला आणि ते योग्यच केलं. पण उरलेला काळ गाडी नुसती उभी होती, कारण मधेच कुणा पुढाऱ्याच्या पोराची थार आली. त्याला मॅट ऑलिव्ह ग्रीन हवा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणं तो रंग फक्त सैन्याच्या गाड्यांना, हे मालकांनी त्याला समजावून परत पाठवायला हवं होतं. पाठवलंही, पण दुसऱ्या रंगावर राजी करून, आणि माझा बूथ त्याला देऊन. फोन उचलत नाहीत, मेसेजला अंगठा पाठवतात. कामाची प्रगती हवी असेल तर जाऊन बसणे हाच उपाय. चहा मात्र दरवेळी मिळाला.

पैसे: संपूर्ण रंगबदल, चौकटींसकट आणि मागच्या पत्र्याच्या कामासह, १,४५,००० रुपये. चाकं १४,०००. ब्रेक कॅलिपर उष्णता सोसणाऱ्या रंगानं लाल करायचे ४,०००. ग्रिल आणि ती लिप मिळून १८,०००. एकूण १,८१,०००. दुसऱ्यांदा बसवणुकीचे काही घेतले नाहीत. रंगासाठी हे पैसे मला योग्य वाटतात, कारण त्यातले बहुतेक घासण्याचे आहेत. लिपचे वाया.

एक गोष्ट दुकानवाले आपणहून सांगत नाहीत, ती मी सांगते. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. रंग बदलता येतो, पण आरटीओकडं अर्ज करून, गाडी दाखवून नोंद बदलून घ्यावी लागते, आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. नाहीतर क्लेमच्या वेळी पांढऱ्या गाडीचे कागद आणि करडी गाडी, बसा वाद घालत. माझी नोंद झाली. खिडकीवरच्या माणसानं गाडीकडं बघून विचारलं, ‘रंग देऊन झाला का, द्यायचाय अजून?’

हा प्रश्न आता रोजचा आहे. पेट्रोल पंपावर, दवाखान्याच्या दारात, पेशंट तोंडात कापूस असतानाही हातवारे करून विचारतात. एका आजोबांनी तर सल्ला दिला की अस्तर उघडं ठेवू नका, पाणी धरतं. नार्डो ग्रे घेणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. पण लोखंडी धुळीचे ठिपके आता दिसत नाहीत, काजळी दिसत नाही, आणि टीटीच्या चाकांवरच्या त्या गोल कमानी पांढऱ्यात सपाट वाटायच्या, त्यांची सावली आता स्पष्ट पडते. एवढ्यासाठी मी आजोबांचं ऐकून घेते.

नव्या रंगावर लगेच सिरॅमिक कोटिंग, वॅक्स, पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) काहीही लावायचं नाही. महिना-दीड महिना आतलं सॉल्व्हंट सुटू द्यायचं. भाचा डिलिव्हरीच्या दिवशीच सिरॅमिकचं पॅकेज गळ्यात मारत होता, मामांनी मागून मान हलवली. नंतर मी बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या काठाला पीपीएफ करून घेणार आहे, कारण हायवेवरच्या खडीपुढं सिरॅमिकचा काही उपयोग नाही, तो थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा. ते काम मात्र दुसरीकडं देणार.

जाणार असाल तर सोमवारी शेड बंद असते. सकाळी दहानंतर जा, आणि मामा आहेत का हे आधी गेटवर विचारा. नसतील तर चहा पिऊन परत या.